वरच्या मजल्यावरच्या उड्या

"जेवले मी, काकू." मी विचारायच्या आतच तिचं उत्तर तयार असायचं. वरच्या गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकलेली आणि नजर माझ्याकडे सोडून सगळीकडे. इतक्या चटकन उत्तर देणाऱ्या पोरीवर विश्वास ठेवू नये, हे तुम्हाला कळलं असतं. मला कळलं नाही.

मिरजोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुमजली घर. खाली मी एकटी, वर ती भाडेकरूंची पंधरा वर्षांची मुलगी. वडील बोटीवर, लॉकडाऊनमुळे कुठल्याशा परक्या बंदरात अडकलेले. आई नर्स. ड्युटीवरून आली की अंघोळ करून वेगळ्या खोलीत दार लावून झोपायची, पोरीला काही होऊ नये म्हणून. घरात दोघी असूनही पोर एकटीच.

ती खो-खो खेळायची. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली आणि सगळंच बंद झालं. तरी रोज संध्याकाळी पाचला ती दोरीवरच्या उड्या मारायची. निवड परत लागली तर पाय तयार हवेत ना. धप धप धप, बरोबर माझ्या डोक्यावर. आठवडाभर सोसलं आणि एक दिवस अंगणात जाऊन ओरडले, "काय गो, घर पाडतेस की काय माझं? बंद कर ते."

तिने बंद केलं. मला मेलीला बरंच वाटलं.

पंधराएक दिवसांनी बघते तर भर दुपारी तिच्या गॅलरीवर कावळ्यांची ही गर्दी. पितृपक्ष नाही, काही नाही. मी अंगणात उभी राहिले. पोर आतून आली, आईने सकाळी करून ठेवलेला आमटीभात कठड्यावर पालथा केला, आणि मी दिसताच म्हणाली, "जेवले मी, काकू."

"कावळे जेवले. तू काय खाल्लंस?"

तिने रिकामं पातेलं पाठीमागे लपवलं. मग म्हणाली, "बिस्किटं. उड्या मारल्या नाहीत की भूकच लागत नाही हो. आणि एकटीला ताटावर बसवत नाही."

मला तिथेच रडू आलं. एकटीने ताटावर बसणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. "उद्यापासून मार उड्या," मी म्हटलं. "घर पडलं तर बघू."

मग रोज पाचला धप धप सुरू. मध्येच थांबली तर मी जळमटं काढायच्या काठीने छत ठोकायची. उड्या झाल्या की त्याच दोरीला पिशवी बांधून ती खाली सोडायची. मी डब्यात कुळथाची पिठी आणि भात घालून द्यायची. ती वर गॅलरीत बसायची, मी खाली पायरीवर. एकमेकींची तोंडं दिसत नसत.

"मीठ कमी आहे, काकू."

"मग नको खाऊ."

खायची सगळं. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. तिच्याकडे घालायला असणार काय? कधी जास्वंदीचं फूल, कधी दोन बिस्किटं. एकदा नुसता कागद निघाला, त्यावर 'आज ४१२ उड्या'.

ती निवड काही झाली नाही. पुन्हा खेळ सुरू झाले तोवर तिचा वयोगट सरला होता. बापाने तिची बारावी झाल्यावर बिऱ्हाड मुंबईला हलवलं. निघताना ती डबा घेऊन स्वतः खाली आली. उघडला, तर आत दोरी गुंडाळून ठेवलेली.

"अगो, ही कशाला?"

"रिकामा कसा देऊ, काकू?"

आता वर एक गृहस्थ राहतात. इतके हळू चालतात की माणूस आहे की नाही कळत नाही. पाच वाजले की मी उगाच वर बघते.

अधूनमधून तिला फोन करते. ती आता दुसऱ्या गावी नोकरी करते, मुलींच्या वसतिगृहात राहते. "जेवली..." एवढंच माझ्या तोंडून निघतं, तोच पलीकडून येतं, "जेवले मी, काकू."

फोन ठेवला की खुंटीवरच्या दोरीकडे नजर जाते, आणि माझाही भात तसाच राहतो.