चोवीस व्होल्टची जोडी

बैलगाड्याच्या शर्यतीला गाड्याला जुंपलेले चारही बैल एकाच मालकाचे असले पाहिजेत असं आमच्याकडं काही नाही. पुढची जोडी दोन मालक मिळून जमवतात. एक बैल माझा, एक तुझा. माझा बैल इनामगावचा, दोस्ताचा राहू गावचा. कितीतरी घाटांत, म्हणजे शर्यतीच्या मैदानांत, ते खांद्याला खांदा लावून पळाले, माझा डावीकडं, त्याचा उजवीकडं. लोक बैलांचं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, आमच्या दोस्तीचंच चाललंय.

बैल न्यायला आम्ही दोघांनी मिळून एक ट्रेलर बनवला होता. मी रांजणगावला कंपनीत इलेक्ट्रिशियन. तिथल्या भंगारवाल्याकडं मला एक परदेशी एक्सल दिसला, चाकांत विजेवरचे ब्रेक बसवलेला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की ट्रेलरची चाकंही हळूच धरायची, बैलांना हिसका बसायचा नाही. माझ्या पिकअपमागं ट्रेलर झकास चालला. मग दोस्तानं जुना ट्रक घेतला आणि ट्रेलर त्याला जोडायचं ठरलं. आता पिकअपची वीज बारा व्होल्टची, ट्रकची चोवीसची. ब्रेक तर बाराचे. म्हणून सुट्टीचा अख्खा दिवस घालवून मी ट्रकच्या सीटखाली चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवला.

दोस्त बॅटरीची पेटी उघडून बघत होता. म्हणाला, "हितं तर बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या हायेत की! एकीवरनंच वायर घ्यायची. कन्व्हर्टर कशाला?"

मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, "जोडी हाय ती. जोडीतल्या एकालाच वढाया लावलं तर एक मरंल आन् दुसरा माजंल. ह्या कन्व्हर्टरला हात लावायचा न्हाई."

तो हसला. "जोडीचं तू मला शिकवतो व्हय?"

त्यानंतर आम्ही एक घाट मारला. गुलाल उधळला, मिरवणूक निघाली, ट्रकवर भलेमोठे स्पीकर वाजले. मीही नाचलो.

पुढच्या शर्यतीला निघालो तेव्हा तो ट्रक चालवत होता आणि मी मोटरसायकलवर मागं होतो. घोड नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली. ट्रक थांबला, ट्रेलर थांबला नाही. त्यानं मागून ट्रकला रेटा दिला, स्वतः आडवा फिरला आणि कडेच्या चारीत कलंडला. माझा बैल खाली, त्याचा वर. त्याच्या बैलाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या बैलाचा पुढचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पळणार नाही.

माणसं जमली. कुणी काही विचारायच्या आत दोस्त मोठ्यानं म्हणाला, "वायरिंग ह्यानंच केलंय. इचारा त्याला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि वाईट याचं वाटतं, की मीही ते खरं मानलं. घरी बैलाचा पाय शेकताना मी मनातल्या मनात एकेक जोड तपासत होतो, कुठला सैल राहिला असेल म्हणून. त्याच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

बैलाची झूल दोस्ताच्या ट्रकमध्येच राहिली होती. ती आणायला राहूला गेलो. दोस्त गुऱ्हाळावर होता, ट्रक दारात उभा. झूल ओढताना सीटखाली बघितलं तर कन्व्हर्टर जागेवर नाही. सापडला तो केबिनमधल्या गाण्याच्या अँप्लिफायरला जोडलेला. वायरींना मी गुंडाळलेली लाल टेपसुद्धा तशीच. अँप्लिफायरही बाराचाच होता ना! खाली उतरून बॅटरीची पेटी उघडली. ब्रेकची वायर दोन बॅटऱ्यांतल्या एकीवरून घेतली होती. ती एकटी ओढून ओढून पार बसली होती. उतारावर ब्रेकला जोर कुठून मिळणार?

एवढ्यात तो आला. मी पेटीकडं बोट दाखवलं.

"मिरवणुकीत गाणी नकोत व्हय?" तो म्हणाला. "तुझ्या बैलाचीबी मिरवणूक व्हती की ती."

"मग चौघांत माझं नाव का घेतलंस?"

त्यानं टॉवेलला हात पुसले. "तू कंपनीतला माणूस, तुला कोण काय म्हणतंय? माझी चूक निघाली असती तर माझ्या बैलाला परत जोडीदार कुणी दिला असता का, सांग."

म्हणजे माझा बैल चारीत पडलेला असताना हा नव्या जोडीदाराचा विचार करत होता! झूल उचलली आणि निघालो.

जोडीदार त्याला मिळाला. शिरूरच्या चौकात फ्लेक्स लागलाय, त्याचा बैल आणि शेजारी नवा. माझ्या वायरिंगची गोष्ट लोक अजून सांगतात. मी खरं सांगायला गेलो की म्हणतात, जाऊ द्या हो, झालं ते झालं.

माणसांचं मी सोडून दिलंय. बैलाचं सोडवत नाही. संध्याकाळी त्याला हौदावर नेतो. तो लंगडत येतो, हौदाच्या डाव्या कडेला जातो आणि उजवीकडं एका बैलाची जागा सोडून पाणी पितो.