सहकुटुंब वाघ बघायला

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मी प्लॅनिंगला आहे. कुठला माल कधी मशीनवर चढेल आणि कधी ट्रकमध्ये भरला जाईल, हे मी ठरवतो. प्रत्यक्षात तो तेव्हा चढत नाही आणि भरलाही जात नाही, पण ठरलेलं असतं एवढं नक्की. या नोकरीचा माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं बायकोचं मत आहे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिची मतं ऐकून घ्यावी लागतात.

मुलगी दुसरीत आहे. एकदा जेवताना तिने विचारलं, वाघ आपल्या गाडीएवढा असतो का? मी वाघाची लांबी, उंची, वजन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू बघितलायस?" मला एकदम काही आठवेना. शाळेच्या सहलीत एक पिंजरा पाहिला होता, त्यात कोपऱ्यात पिवळं काहीतरी पडलेलं होतं, ते गवतही असू शकेल. मी घास गिळला आणि जाहीर केलं की आपण सगळे वाघ बघायला जायचं.

नाशकात म्हणावं असं प्राणिसंग्रहालय नाही. शेजारच्या जिल्ह्याच्या शहरात, एका बागेतच, एक छोटंसं आहे. वाघ, बिबट्या, हरणं, मगर, थोडे साप. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. चार माणसं अशा वेळी रविवारी गाडी काढतात आणि जातात. मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला.

ग्रुपमध्ये मी, बायको, देवळाली कॅम्पात राहणारी माझी मोठी बहीण आणि दाजी. आई आमच्याकडेच असते, तिच्याकडे साधा फोन आहे, म्हणून तिला तोंडी कळवायचं ठरलं. दाजी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "रेकी केली का?" मला राग आला, कारण ते मला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, गर्दी टाळायला आपण आठवड्यातला मधला वार धरलाय, माझी रजाही मंजूर झालीय. दाजींनी तिकडच्या कुण्या ओळखीच्याला फोन करून विचारलं, तर प्राणिसंग्रहालय नेमकं त्याच वारी बंद असतं. मी रजा बदलली. बदललेल्या दिवशी आईची एकादशी आली. पुन्हा बदलली. आमचे मॅनेजर म्हणाले, लग्न आहे का कुणाचं? वाघ बघायला जायचंय हे सांगायची मला लाज वाटली. मी हो म्हणालो.

आईची मला सगळ्यात जास्त काळजी होती. तिचे गुडघे दुखतात. म्हणून मी ठरवलं होतं की फाटकाजवळ सावलीत बाकडं असेल तिथे आईने बसायचं, ताईने आणि बायकोने आळीपाळीने तिच्याजवळ थांबायचं. हे मी मोठ्या प्रेमाने आईला समजावून सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "म्हणजे मी एवढ्या लांब बाकडं बघायला यायचं?" मी म्हटलं, तसं नाही गं. पण ते तसंच होतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरात सूचना दिल्या. पिंजऱ्याला हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, खायला घालायचं नाही. मग विषयाच्या ओघात मी हेही सांगितलं, की एखादा हिंस्र प्राणी कधी समोर आलाच, तर पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. हात वर करून आपण मोठे आहोत असं दाखवायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. मी जेवणाच्या टेबलाशेजारी हात वर करून मागे सरकून दाखवलं आणि फ्रिजवर आपटलो. मुलगी खूश झाली.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचे व्हिडिओ फिरत होते. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. वडनेरकडे ऊस आहे, मळे आहेत, तिकडे बिबटे दिसतात हे खरंच आहे. पण हे व्हिडिओ जुने, कुठल्या तरी भलत्याच गावचे, असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. लोकांनी विनाकारण घबराट पसरवू नये असंही लिहिलं होतं. त्याला दोन-तीन अंगठे आले होते. बायको म्हणाली, उजाडल्याशिवाय खाली जाऊ नका. मी हसलो.

नुकतं फटफटलं होतं तेव्हा मी सामान घेऊन खाली उतरलो. धपाटे, चटणी, थर्मास, पाण्याच्या बाटल्या, आईची औषधं. आमचं पार्किंग बिल्डिंगखाली, उघडंच. समोर कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे एक बंद बंगला. मी डिकी उघडली, पिशव्या नीट रचल्या. कुत्री बराच वेळ भुंकत होती, ती एकाएकी गप्प झाली. किती शांत आहे सकाळ, असं माझ्या मनात आलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

वर पाहिलं तर भिंतीवर एक मोठं कुत्रं बसलेलं. मग त्याचं शेपूट दिसलं. ते भिंतीवरून खाली लोंबत होतं आणि त्याचं टोक हळूहळू हलत होतं.

मी हात वर केले नाहीत. मागे सरकलो नाही. मी पाठ दाखवली, पळालो, मागचं दार उघडून गाडीत शिरलो, दार ओढून घेतलं आणि सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत, पालथा पडलो. तिथे मुलीचं जुनं बिस्कीट होतं, ते गालाला टोचत होतं. थोडा श्वास आल्यावर लक्षात आलं की डिकी उघडीच आहे. आमची गाडी लहान. डिकी आणि माझ्यामध्ये एक सीटची पाठ आणि धपाट्यांची पिशवी, एवढंच होतं.

अशात माझा फोन वाजला. मी रिंगटोन म्हणून ढोल-ताशा लावलेला आहे. तो बंद करताना बोट चुकलं आणि फोन उचलला गेला. ताई होती.

"अरे, निघालात का? आम्ही तयार होऊन बसलोय."

मी कुजबुजलो, "ताई, समोर बिबट्या आहे."

ती म्हणाली, "आम्हाला न घेताच गेलात?"

मी फोन कापला. तिने पुढे बरेच दिवस ते मनाला लावून घेतलं होतं.

तोवर बायको मुलीला घेऊन गॅलरीत आली होती. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, तिला भिंत समोरच दिसली. तिने मुलीला आत नेलं, वनविभागाला फोन लावला, सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की कुणी खाली उतरू नका. हे मला नंतर कळलं. मला त्या वेळी फक्त गॅलरीच्या दाराचा आवाज आला आणि मग आईचा.

ती ओरडली नाही. वरच्या खोलीतून खालच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलली. "हलू नकोस. भिंतीवरच आहे तो. मी बघतेय."

मी लहानपणी आजारी पडलो की आई रात्री उशाशी बसून अशीच बोलायची. आवाज तोच. बाहेर प्रत्यक्ष बिबट्या बसलेला असताना मला एकदम बरं वाटलं. पंचेचाळिशीच्या माणसाने असं लिहू नये, पण वाटलं.

आई सांगत राहिली. तो पंजा चाटतोय. तो रस्त्याकडे बघतोय. गाडीकडे नाही बघत, तू पड तसाच. मध्येच ती गप्प झाली, तेव्हा मला स्वतःच्या छातीचे ठोके गाडीच्या पत्र्यातून ऐकू यायला लागले. मग म्हणाली, "गेला. पलीकडे बंगल्यात उतरला. आता वर ये. पळू नकोस, चालत ये."

मी पळालो. एक चप्पल पार्किंगमध्येच राहिली.

नंतर वनविभागाची माणसं आली, जाळ्या आल्या, पोलिसांनी रस्ता अडवला. बिबट्या बंगल्याच्या मागच्या पडवीत शिरला होता. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं चढली, सगळ्यांचे फोन वर. आमच्या जिन्यातही गर्दी झाली आणि जो येईल त्याला मी हकीकत सांगू लागलो. सांगता सांगता ती सुधारत गेली. शेवटी शेवटी मी बिबट्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, अगदी शांतपणे गाडीत जाऊन बसलो, असं होऊ लागलं होतं. बायको चहाचे कप भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी वरून बघत होते." त्यानंतर मी हकीकत थांबवली.

दुपारी त्याला बेशुद्ध करून बाहेर आणलं. चार-पाच जणांनी जाळीत उचलला होता. भिंतीवर बसलेला असताना तो मला केवढा वाटला होता, आणि आता त्याचे पाय जाळीतून लोंबत होते, जीभ बाहेर आली होती, डोळ्यांवर कुणीतरी फडकं टाकलं होतं. गच्च्यांवरून शिट्ट्या आणि टाळ्या. आई खिडकीशी उभी होती. "लहान आहे गं अजून," ती बायकोला म्हणाली.

मुलगी आजीला चिकटून उभी होती. तिने मला विचारलं, "याला आता तिकडे ठेवणार? आपण याला बघायला जायचं?"

मी म्हटलं, छे, त्याला जंगलात सोडणार. हे मला ठाऊक नव्हतं. वाघाचं वजन सांगितलं होतं तितक्याच खात्रीने मी ते सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

संध्याकाळी ताई आणि दाजी रिक्षा करून आले. डिकीतले धपाटे आम्ही घरीच खाल्ले. दाजींनी खाली जाऊन भिंत पाहिली, गाडी पाहिली, अंतर पाहिलं, आणि वर येऊन मला म्हणाले की आडोसा चांगला निवडला होतास. ते थट्टा करत होते की कौतुक, हे मला अजूनही समजलेलं नाही.

मुलगी म्हणाली, तिला आता कुठे जायचं नाही. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मी लगेच म्हटलं, राहू दे, घरबसल्या बिबट्या बघितला, आता आणखी काय बघायचं. ग्रुप बंद करायला मी फोन हातात घेतला. तेव्हा आई म्हणाली, "मला जायचंय."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती जरा संकोचली. म्हणाली, आजवर जिथे गेले तिथे लग्नाला गेले, बारशाला गेले, नाहीतर देवाला. नुसतं बघायला म्हणून कुठे गेलेच नाही. वाघ एकदा बघावा असं शाळेत असल्यापासून वाटायचं. एवढं बोलून ती कपबशा उचलायला लागली.

तिच्या गुडघ्यांचा, औषधांचा, एकादशीचा मी महिनाभर विचार केला होता. तुला काय बघायचंय, हे विचारलं नव्हतं.

मग आम्ही गेलो. रविवारीच गेलो, भर गर्दीत, निघायला उशीर करून. दाजी पुढे बसले आणि प्रत्येक वळणाआधी वळण आहे असं सांगत राहिले. फाटकाजवळच्या गर्दीत मी आईला म्हटलं, दमलीस तर सांग. ती नातीचा हात धरून केव्हाच पुढे गेली होती.

बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी मुलगी लांबच थांबली. बराच वेळ निरखून बघत होती. मला वाटलं, आता ती मला काहीतरी विचारणार आणि माझ्याकडे उत्तर नसणार. पण ती आजीला म्हणाली, "हा आपला नाहीये. आपल्याचा कान फाटला होता." आईने मान डोलावली. मला कान आठवेना. कान बघण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो. मग मुलगी मोकळी झाली आणि हरणांकडे पळाली.

वाघ आपल्या जागेत या कडेपासून त्या कडेपर्यंत फेऱ्या मारत होता. वळायचा त्या जागी गवत उरलं नव्हतं. माणसं येत होती, फोटो काढत होती, जात होती. आई कठड्याला धरून उभी राहिली ती उभीच राहिली. मी तिच्या बाजूला गेलो. एका फेरीला वाघ थांबला आणि त्याने सरळ आमच्याकडे पाहिलं. मी मागे सरकलो आणि कुणाच्या तरी पायावर पाय दिला. त्या गृहस्थांची माफी मागून वळलो, तर आई तिथेच, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतलेला.

"केवढं तोंड आहे रे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "दमत नसेल का हा?"

यावर मला बरंच काही सांगता आलं असतं. वाचलेलं होतं. हरणांपाशी ताई हात हलवून आम्हाला बोलवत होती. आई म्हणाली, तुम्ही जा पुढे, मी येते. मी गेलो नाही. आम्ही दोघं आणखी काही फेऱ्या बघत तिथेच उभे राहिलो.