आटपाडीचं काम मी बंद केलं तेव्हा

आटपाडीकडच्या पाइपलाइनचं काम संपलं तेव्हा आमच्या मलकापूरच्या ऑफिसात पेढेसुद्धा वाटून झाले होते. शेतापर्यंत बंद नळीतून पाणी न्यायचं काम, दोन वर्षं चाललेलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "आता ते कॉम्प्युटरवर नीट बंद करा. मग कोयनानगरचं काम उघडू."

सगळ्या कामांची नोंद आम्ही एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो आणि ते सांभाळायची जबाबदारी माझी. कोणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, झालं की खूण. मी मोठ्या ऐटीत 'प्रोजेक्ट बंद करा'वर क्लिक केलं, तर समोर लाल अक्षरं आली. एक काम बाकी आहे! शोधलं, तर शेवटच्या व्हॉल्व्हची चाचणी, जमीनमालकाच्या सहीसह. त्या रानाची मालकीण चाचणीच्या वेळी मेंढरं घेऊन कोकणात उतरली होती, म्हणून ते तसंच राहून गेलेलं.

आमचे सुपरवायझर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते माझ्या खुर्चीमागून वाकून म्हणाले, "म्याडम, पानी पलीकडच्या रानात पोचलंय न्हवं? मग हितंबी पोचणारच की. मारा टिक. कोन बघतंय?"

खरं सांगायचं तर माझं बोट तिथवर गेलं होतं. पण त्या ओळीखाली एक सूचना होती, 'मालकाने स्वतः पाणी पाहिल्याशिवाय पूर्ण धरू नये.' लिहिणारी मीच. तेव्हा नोकरीत नवी होते, अंगात शिस्त फार होती. आता स्वतःचंच लिहिलेलं खोडायचं कसं?

त्या रानाच्या मालकिणीला, मावशींना, फोन लावला. "आले मी परवाच," त्या म्हणाल्या. "या की. पर पानी दावल्याबिगर सही मागू नगा."

दुसऱ्या दिवशी हवालदार आणि मी जीपने गेलो. मावशी व्हॉल्व्हपाशी आधीच येऊन उभ्या होत्या, मागे सगळी मेंढरं. हवालदारांनी चावी फिरवली. फुस्स! नुसती हवा. पुन्हा फुस्स. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वारा तर आमच्याकडं आदीच लय हाय की वो."

हवालदारांना ते लागलं. ते गुडघ्यावर बसले आणि नळीच्या तोंडात डोकावून पाहायला लागले. तेवढ्यात आतून गुरगुर झाली आणि पाण्याचा लोट थेट त्यांच्या छातीवर आला. टोपी एकीकडे, चावी दुसरीकडे. ते उठले, नखशिखांत भिजलेले, आणि का कोण जाणे, ताठ उभे राहिले, सावधानमध्ये. मेंढरं चौफेर उधळली. मावशी हसत हसत खालीच बसल्या आणि त्यांना बघून मीही.

"ऊन पानी हाय गं बाई!" त्या ओरडल्या. नळी उन्हात तापलेली, त्यामुळे पहिलं पाणी चांगलंच कोमट होतं. त्यांनी पाय पुढे केले, मग लुगडं सावरून सरळ त्या पाण्यातच उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आन हिकडं तुजी सही."

सही माझ्या मोबाइलवर बोटाने करायची होती. मावशींचं बोट ओलं, त्यामुळे रेघ नको तिथे पळायला लागली. पहिल्यांदा नुसता ठिपका उमटला, दुसऱ्यांदा विंचवासारखं काहीतरी. बोट पुसायला पदर घेतला, तर तोही भिजलेला. माझी ओढणी ओली, हवालदारांचं तर बोलायलाच नको. शेवटी मावशींनी एक मेंढरू धरलं, त्याच्या पाठीच्या लोकरीवर बोट खसाखसा पुसलं आणि झोकात सही केली. मी तिथेच बांधावर उभी राहून खूण मारली. शंभर टक्के!

उरलेलं दुसऱ्या दिवशी ऑफिसात केलं. नकाशे, फोटो, सह्या एका जागी लावल्या, शिल्लक सामान गोदामात परत गेल्याची नोंद घातली. 'या कामातून काय शिकलो' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून हवालदारांना विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "लिवा. व्हॉल्व्ह उघडताना नळीच्या तोंडाम्होरं बसू नये." तसंच लिहिलं. मग यादीतली सगळी नावं एकदम काढली आणि शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला आपणहून निरोप धाडला होता: 'तुम्हाला या कामातून काढण्यात आले आहे.'

"म्याडम, माजं काय चुकलं?" सांगलीचा वेल्डर, अगदी रडकुंडीला आलेला. त्याला समजावते तोवर जेसीबीवाला, मग पाइप पुरवणारा. चौथा फोन मावशींचा. सही घ्यायची म्हणून त्यांचंही नाव यादीत होतंच.

"मला काडलं म्हनं. नातीनं वाचून दावलं. मग पानी?"

"पाणी राहतंय मावशी. फोनमधलं नाव तेवढं गेलं."

"हात्तिच्या! मग जाऊ दे की," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इतक्यात केबिनचं दार उघडलं. साहेब हातात मोबाइल घेऊन उभे. "अहो, मलापण काढलंत?"

हवालदारांनी टेबलावर डोकं टेकलं, त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि मग तेही दाराला टेकून हसत राहिले.

कोयनानगरचं काम जेवणानंतर उघडलं. पहिल्या ओळीत त्याचं नाव टाइप करताना मध्येच हसू फुटत होतं. तीनदा चुकलं.