जयसिंगराव आणि तेवीस रिकामे कॅन

जयसिंगराव एनर्जी ड्रिंक पितात, अशी आवई बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या त्या क्रॉसवर, म्हणजे गल्लीत, उठली तेव्हा त्यांना एकोणसत्तरावं लागलं होतं. बरं, एखाददुसरा कॅन नव्हे. तेवीस! भंगारवाल्या गुंडूने त्यांच्या किराणा दुकानामागच्या पोत्यातले रिकामे कॅन स्वतः मोजले होते, आणि गुंडू मोजण्यात चुकत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. ही बातमी त्याने भीमाचार्यांच्या कानावर घातली. पोस्टातून निवृत्त झालेले भीमाचार्य आलेलं पत्र घरोघर पोहोचवल्याशिवाय राहतात होय? त्यांची मातृभाषा कन्नड, पण चहाड्या करण्यापुरतं मराठी त्यांनी फार कष्टाने शिकून घेतलं होतं. त्यांनी आपल्या पदरचीही एक भर घातली: त्या शुक्रवारी सकाळी फिरून येताना त्यांनी जयसिंगरावांना गच्चीवर येरझारा घालताना पाहिलं होतं. "वासरू सोडलंय की काय असं वाटलं मला," असं ते पुढे सगळ्यांना सांगत.

ही गोष्ट सगळ्यात शेवटी कळली ती जयसिंगरावांच्या बायकोला, म्हणजे कृष्णाबाईंना. त्या गुरुवारपासून जे. पी. नगरला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. शनिवारी परतल्या, तर दारातच आचार्य उभे.

"अक्का, रावांना झोप लागते का हो हल्ली?"

"का? तुम्हाला लागत नाही का?"

"नाही, तेवीस म्हणजे स्वल्प जास्तच होतात, एवढंच म्हणत होतो."

कृष्णाबाई आत गेल्या. फ्रिजमधला कॅनचा कप्पा रिकामा होता. नवरा गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. त्यांनी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडलं.

"काय गं?"

"काही नाही. कॅन कुठे गेले?"

"संपले," जयसिंगराव म्हणाले आणि पेपर वर धरला.

आता जयसिंगराव हा माणूस कसा, ते सांगायला हवं. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, पण अशी मराठी की पुण्याहून आलेला पाहुणा अर्धं समजून घेतो आणि अर्ध्याला हसतो. दुकानाला ते 'अंगडी' म्हणत, आणि प्रत्येक व्यवहार 'सरी' म्हणून संपवत. सरी म्हणजे बरं, सरी म्हणजे हो, सरी म्हणजे कळलं, आता निघा. जसा सूर तसा अर्थ. दुकान वडिलांच्या वेळचं. समोर एक बंगला होता, तो पाडून पाच मजले उभे राहिले, चाळीस बिऱ्हाडं आली. रोज सकाळी त्या चाळीस घरांचं दूध आणि दही या दुकानातून जाई, आणि खरं तर त्यावरच दुकान उभं होतं. मुलगा प्रणीत कोरमंगलात राही. दर महिन्याला येऊन तो म्हणे, "अप्पा, बंद करा हे. कॉफीवाल्याला भाड्याने देऊ." जयसिंगराव म्हणत, "दूध जातंय तोवर अंगडी चालेल. दूध बंद झालं की मग तू ये किल्ली न्यायला."

हे कृष्णाबाईंना पाठ होतं. आणि दुकान बंद झाल्यावर हा माणूस दिवसभर घरात काय करील, याचा विचारही त्यांना नको वाटे.

जयसिंगरावांना आपल्या दोन गोष्टींचा अभिमान होता. पहिली, त्यांचा कान. तो गेल्या चार वर्षांत डावीकडून बराच गेला होता, पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. मीठ मागितलं की ते पीठ काढत, आणि गिऱ्हाईक हसलं की म्हणत, "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात." दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा नियम. ते उंच, चकचकीत कॅन शाळकरी मुलं मागायला लागली तशी त्यांनी पाटी लावली: आईची परवानगी असेल तरच मिळेल. मूल आलं की ते आईचा नंबर घेत, उजव्या हाताने तराजू सावरत डाव्या कानाला फोन लावत आणि विचारत. तिकडून हो आलं की कॅन मिळे. "कायद्यात नाही ते मी करतो," असं ते आचार्यांना ऐकवत. आचार्य म्हणत, "तुम्ही पूर्वजन्मी हेडमास्तर असाल."

कॅन संपले आणि पुढच्या मंगळवारी नवीन खोका आला. जयसिंगरावांनी तो फ्रिजमध्ये न ठेवता आपल्या डोक्यामागच्या फळीवर ठेवला, जुनी पाटी काढली आणि नवीन लावली. मुलांना मिळणार नाही, एवढंच. आईबापांचा उल्लेख नाही.

"आणि आईने हो म्हटलं तर?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"तरी नाही."

"का?"

"कॅनवरच बारीक अक्षरात छापलंय, मुलांसाठी नाही म्हणून."

"ते दोन वर्षं छापलेलंच होतं की."

"चष्मा बदलला मी," जयसिंगराव म्हणाले. चष्मा जुनाच होता.

क्रॉसवर मात्र याचा अर्थ लगेच लागला. म्हाताऱ्याला स्वतःलाच पुरत नाहीत, पोरांना कुठून देणार! मोठ्यांना, म्हणजे मागच्या पीजी हॉस्टेलातल्या रात्रपाळीच्या पोरापोरींना, ते कॅन देत, हे लोक सोयीस्करपणे विसरले.

महिनाभराने समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाई दुकानात आल्या. मनस्विनी त्यांचं नाव, पुण्याच्या, सहा वर्षं इथे. त्यांची मुलगी रंजिता, आठवीतली, सकाळी बॅडमिंटन खेळे आणि संध्याकाळी क्लासला जाई. मधल्या वेळात पेंगे. ती आईच्या मागे उभी राहून बुटाच्या टोकाने पायरी खरवडत होती.

"काका, हे पत्र." मनस्विनीने कागद पुढे केला. "अकरा पालकांच्या सह्या आहेत. आमची मुलं, आमची परवानगी. लेखी."

जयसिंगरावांनी पत्र वाचलं. वाचण्यात त्यांना काही अडचण नव्हती. पत्राची घडी घालून त्यांनी ते परत दिलं.

"छान लिहिलंय. पण मिळणार नाही."

"अहो, पण का? मी स्वतः ऑफिसात रोज दोन पिते. मला काय झालंय?"

जयसिंगरावांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "काही नाही, अक्का. फक्त तुम्ही उभ्या आहात आणि तुमचा पाय मात्र मघापासून चालतोय."

मनस्विनीने पाय थांबवला. "विनोद नको. मागच्या महिन्यात हिला कोर्टवर चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नसेल नीट. एनर्जीच नाही मुलीत! आणि तुम्ही तुमच्या दुकानात बसून ठरवणार की आईने मुलीला काय द्यायचं?"

"तुम्ही घ्या की. हा घ्या कॅन. घरी नेऊन तुमच्या हाताने द्या, मी काय पोलीस आहे? तिच्या हातात मी देणार नाही."

"मी दिवसभर मीटिंगमध्ये असते. म्हणून तर लेखी देतेय."

"ते ठाऊक आहे मला," जयसिंगराव म्हणाले. रंजिताने पायरी खरवडायची थांबवली.

"ठीक आहे," मनस्विनी म्हणाली. "रविवारी आमची मीटिंग आहे. दूध आता ॲपवरून मागवायचं असं बरेच जण म्हणतायत. मीच आजवर थांबवून धरलंय. रविवारी सकाळी येते, तेव्हा काय ते सांगा."

ती गेली. कृष्णाबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन एकच वाक्य म्हटलं. "प्रणीतला किल्ली कुरिअरने पाठवू, की तो येईल न्यायला?"

जयसिंगराव तराजू पुसत राहिले.

शनिवारी दुपारी नवरा जेवून आडवा झाला होता आणि गल्ल्यावर कृष्णाबाई होत्या. रंजिता खोडरबर घ्यायला आली. तिने एकामागून एक चार रबर पाहिले आणि एकही घेतला नाही.

"काय गं, रबर घ्यायचाय की मुलगी पाहायला आलीयेस?"

"आजी, अंकलमुळे नाही झालं ते. माझ्यामुळे झालं."

मग तिने जे सांगितलं ते असं. कृष्णाबाई बहिणीकडे गेल्या त्याच गुरुवारी मॅच होती. आदल्या रात्री अभ्यास, झोप नाही. ती कॅन मागायला आली. जयसिंगरावांनी नियमाप्रमाणे फोन लावला. "रंजिता कॅन मागतेय, अक्का, देऊ का?" मनस्विनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. अनोळखी नंबर, कुरिअरवाला वाटला. ती घाईत म्हणाली, "सॉरी, सॉरी," आणि तिने फोन ठेवला. जयसिंगरावांच्या डाव्या कानाला ऐकू आलं, "सरी, सरी." त्यांनी कॅन काढून दिला. फोनमधला आवाज बाहेर येत होता आणि रंजिताला आई काय म्हणाली ते स्वच्छ कळलं होतं. तिने कॅन घेतला. रिकाम्या पोटी एका दमात प्यायली. कोर्टवर तिचे हात थरथरायला लागले, छाती धडधडली, उलटी झाली. सगळ्यात जवळ दुकान होतं, म्हणून कोचने तिला तिथेच आणून बसवलं. जयसिंगरावांनी तिचं मनगट धरलं आणि आई येईपर्यंत, पाऊण तास, सोडलंच नाही. तेव्हाच तिने त्यांना खरं सांगून टाकलं होतं.

"मग काय म्हणाले ते?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"म्हणाले, पाणी पी."

संध्याकाळी कृष्णाबाई नवऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "उद्या मनस्विनी येणार."

"कोथिंबीर संपली," जयसिंगराव म्हणाले.

कृष्णाबाई वळसा घालून उजवीकडे आल्या. "ती पोर आली होती. तिची आई सॉरी म्हणाली होती."

जयसिंगरावांनी गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतली. मग म्हणाले, "मग?"

"मग सांगून टाका ना तिच्या आईला! दूध जाणार, दुकान जाणार, आणि तुम्ही तोंड शिवून बसलाय."

"पोरीने खोटेपणा केला हे तिच्या आईला मी सांगू?"

"एवढंच कारण आहे?"

"एवढंच."

"कानाचं काही नाही?"

"कान उत्तम आहे माझा!" ते इतक्या जोरात म्हणाले की बाहेरून जाणारे आचार्य थबकले, आणि आत उत्तेजना वाढल्याची आणखी एक बातमी क्रॉसवर गेली. दोन कारणांतलं कोणतं किती तोळे होतं, हे कृष्णाबाईंनाही नक्की सांगता आलं नसतं. पण त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला भाकरी मागण्याआधीच वाढली, आणि मीठ मागितलं तेव्हा पिठाचा डबा समोर आणून ठेवला.

जयसिंगरावांनी डब्याकडे पाहिलं. हसले नाहीत. पण डबा पाहिला.

रविवारी सकाळी मनस्विनी आली, रंजिताही आली. दुधाच्या पिशव्या मोजून झाल्या होत्या. कृष्णाबाई दारात उभ्या राहिल्या.

"काय ठरवलंत, काका?"

जयसिंगराव स्टुलावरून उठले, गल्ला सोडून बाहेर आले आणि तिला आपल्या उजव्या बाजूला उभं केलं. "इकडून बोला, अक्का. डावा कान गेलाय माझा. चार वर्षं झाली."

कृष्णाबाईंनी दाराची चौकट धरली.

"त्या गुरुवारी मी तुम्हाला फोन केला होता. कॅन देऊ का म्हणून. तुम्ही म्हणालात सॉरी. मी ऐकलं सरी. मी दिला. मग ती कोर्टवर पडली. खाल्लं नव्हतं, तेही खरं, पण कॅन माझा होता."

मनस्विनीने फोन काढला आणि कॉलची यादी मागे मागे सरकवत ती त्या दिवसाशी आली. तिथे तो नंबर होता. कॉल अकरा सेकंदांचा.

"आई, मला ऐकू आलं होतं तू काय म्हणालीस ते," रंजिता म्हणाली. "मी सांगितलं नाही."

मनस्विनीने मुलीकडे पाहिलं. तिथे जे बोलायचं होतं ते तिने घरासाठी राखून ठेवलं, हे तिच्या चेहऱ्यावरून रंजितालाही कळलं. मग ती जयसिंगरावांच्या उजव्या कानाकडे वळली.

"बरं. चूक झाली. पण आता तर मी लेखी देतेय, काका. सह्यांनिशी. ऐकण्याचा प्रश्नच नाही. आता माझं म्हणणं अगदी स्पष्ट आहे ना?"

"तेव्हाही मला स्पष्टच ऐकू आलं होतं, अक्का."

मनस्विनीने पत्र पर्समध्ये टाकलं. "दोन अर्ध्या लिटरच्या द्या," ती म्हणाली. जयसिंगरावांनी दोन पिशव्या दिल्या.

"सरी," ते म्हणाले.

"सरी," मनस्विनी म्हणाली, आणि त्यातला 'स' तिने जरा लांबवला, तो 'सॉ' वाटू नये म्हणून.

मीटिंगमध्ये तिने ॲपच्या बाजूने हात वर केला नाही. तरी नऊ घरं ॲपवर गेली. एकतीस राहिली. दुकान एकतिसांवर चालतं, पंचविसांवर चाललं नसतं. प्रणीत महिन्याच्या शेवटी आला, किल्ली न घेता गेला, आणि जाताना वडिलांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे मिळालेलं यंत्र जयसिंगराव दुपारी लावतात. सकाळी लावत नाहीत, कारण सकाळी आचार्य येतात.

कॅनची पाटी अजून तीच आहे. शेजारच्या क्रॉसवर दुसरा दुकानदार मुलांना हवे तितके देतो, हे जयसिंगरावांना ठाऊक आहे. मुलंही तिकडे जातात. "जाऊ देत," ते म्हणतात. "माझ्या हातातून नाही जात."

आवई मात्र टिकून आहे. कानाचं, फोनचं, पोरीचं आचार्यांना कोणी सांगितलं नाही, आणि तेवीस कॅनवाला म्हातारा त्यांना सोडवत नाही. कृष्णाबाईंनी एकदा नवऱ्याला त्या तेवीस कॅनचा हिशेब विचारला, त्याने सांगितला, आणि त्यानंतर त्यांनीही हा विषय काढला नाही.

खोक्यात चोवीस कॅन होते. एक रंजिता प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध वाटून झाल्यावर एक जयसिंगराव प्यायले, आपण मुलीला काय दिलं ते कळावं म्हणून, आणि छातीची धडधड थांबेपर्यंत ते गच्चीवर चालत राहिले. उरलेले बावीस त्यांनी दुकानामागच्या मोरीत ओतले.