अर्धी काच

चकचकमावशी हे नाव तिला गल्लीने ठेवलेलं. गाडीचे दिवे पिवळट, धुरकट झाले की लोक तिच्या पत्र्याच्या शेडखाली येत आणि काचेच्या नावाने बोटं मोडत. काच कसली, प्लॅस्टिक आहे ते, मावशी त्यांना सांगे. वर्षानुवर्षं उन्हात उभं केलं की तेही तुमच्याआमच्यासारखंच पिकतं.

कामाची तिची एक रीत होती. दिव्याच्या मधोमध ती कागदी टेप चिकटवायची आणि आधी एकच बाजू करायची. पाणी मारत पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग मऊ. शेवटी मशीनवरचा फोम. मग टेप सोलून, कमरेवर हात ठेवून गिऱ्हाइकाला विचारायचं, "ओळखा पाहू, माझी अर्धी कुठली?" लोक हसून बोट दाखवत. तेवढ्या हसण्यावर मावशीचा दिवस जाई.

त्या दुपारी ड्रायव्हरकाका आले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आता रोज संध्याकाळी नातीला पोहण्याच्या क्लासहून आणायचं काम त्यांच्याकडे. अलीकडे अंधार पडला की रस्ता नीट दिसेना. परवा फाटक घासलं, तेव्हापासून सून त्यांच्या हातून किल्ली काढून घ्यायच्या मागे लागली होती. दोष दिव्यांचा, असं काकांचं म्हणणं. दिवे एकदा लख्ख झाले की घरातली तोंडं आपोआप बंद होतील.

दिवे धुरकट होते, यात खोटं काही नव्हतं. मावशीने टेप लावली, घाम गाळला, सवयीने तोच प्रश्न विचारला.

काकांनी ऐटीत बोट दाखवलं. नेमकं पिवळ्या बाजूला.

मावशी हसली. बसवाले थट्टेखोर असतात, तिला ठाऊक होतं. पण काका हसले नाहीत. ते वाकले, दिव्यावरून हळूच अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नाही नाही, ही. ही गुळगुळीत लागते."

मावशीच्या हातातला फडका हातातच राहिला. भर उन्हात, हातभर अंतरावरून जे दिसलं नाही, ते या माणसाने चाचपून ओळखलं होतं.

ती पुन्हा कामाला लागली. उरलेली बाजू केली, दुसरा दिवा केला. शेवटी उन्हापासून जपणारा पारदर्शक लेप देताना मात्र हात रेंगाळत होता. काम संपलं की हा माणूस गाडी काढणार, आणि अंधार पडता पडता शेजारच्या सीटवर ती पोर बसणार.

"गाडी उद्या न्या," शेवटी ती म्हणाली. "लेप ओला आहे."

"मावशी, गाड्यांत जन्म गेला माझा. या उन्हात तो तासाभरात सुकतो."

"सुकतो," मावशीने कबूल केलं. मग जवळचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "काका, तुम्ही आधी चुकीची अर्धी दाखवलीत."

काका बसले. बराच वेळ दोन्ही दिव्यांकडे पाहत राहिले. पाहत होते की नुसते तोंड तिकडे करून बसले होते, कोण जाणे.

"फाटकही मला दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "आवाज आला तेव्हा कळलं."

दिव्यांचं मी केलं, आता डोळ्यांचं डॉक्टरांना करू द्या, मावशी म्हणाली.

"तिथेही टेप लावून अर्धंच करतात का?"

"तुमच्यासारखा बोलका पेशंट असला तर तोंडाला लावतील."

काका हसले, खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला आणि शेवटी तिच्याच हातात दिला. मावशीने सुनेचा नंबर लावून दिला. आज नातीला तूच आण, काका सांगत होते, आणि उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चल. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी.

"गाडी ना? गाडी इथेच आहे. लेप ओला आहे अजून."

तासाभरात लेप सुकलाही. मावशीने किल्ली घेतली आणि गाडी उन्हातून सावलीत आणून लावली.