कमलाकररावांचा मॅचपूर्व अहवाल

डॉ. कमलाकर खांबेटे यांनी आयुष्यभर लोकांना भूल दिली, आणि भूल देण्याआधी प्रत्येकाला सांगितलं की तुम्ही यातून उठणार नाही अशीही एक शक्यता आहे. ती शक्यता किती लहान आहे हेही ते सांगत, पण तोवर पेशंटचा चेहरा पांढरा पडलेला असे. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलातल्या नर्स त्यांच्या मागोमाग चहा घेऊन वॉर्डात जायच्या. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी ते माझ्याकडेही आले. मी म्हटलं, "कमलाकरराव, आपण दर गणपतीत शेजारी उभं राहून आरत्या म्हणतो. मला तरी हे सांगू नका." ते म्हणाले, "सुप्रभाताई, आरत्या म्हणणाऱ्यांसाठी वेगळे आकडे नाहीत." आणि खुर्ची ओढून, शेजारी बसून, सगळं सांगितलं.

मी इथल्या मराठी मंडळाची चिटणीस. म्हणजे हॉल बुक करायचा, खुर्च्या रचायच्या आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी कुणाला काय म्हणालं ते निस्तरायचं. कमलाकरराव रिटायर झाल्यावर त्या ग्रुपवर त्यांच्या टोमॅटोंच्या प्रकृतीचे अहवाल येऊ लागले. टोमॅटो एकही वाचला नाही. मग त्यांची नात ईरा सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या, बास्केटबॉल टीममध्ये गेली आणि आजोबांना नवा पेशंट मिळाला.

या गृहस्थांनी जन्मात बास्केटबॉल हातात धरला नव्हता. पण त्यांनी नियम वाचले, कॉलेजचं लाइव्ह प्रक्षेपण बघायला सुरुवात केली, समोरच्या कॉलेजच्या जुन्या मॅचेसही बघितल्या, आणि प्रत्येक मॅचच्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक मजकूर येऊ लागला. 'प्रतिपक्ष उंच आहे. त्यांची गार्ड फक्त उजवीकडून आत शिरते, डावीकडे वळायची वेळ आली की गोंधळते. आपली सेंटर तिसऱ्या क्वार्टरला दमते, न्याहारी करत नसावी. ईरा खांबेटे: बाकावर. तिथे ती नीट बसते. धोका: मध्यम.'

शेवटी धोका हा असायचाच. कोण जिंकणार हे त्यांनी कधी लिहिलं नाही, कारण तसं सांगायला आपण ज्योतिषी नाही, असं ते म्हणत. मंडळात कुणालाही बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी या मजकुराला माझ्या एकूण एक सूचनांपेक्षा जास्त अंगठे पडत. 'नीट बसते'वर तर हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. शशी कुलकर्णींनी सात चेहरे टाकले. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंवर तीन टाकले होते.

ईरा सतरा वर्षांची, अंगानं बारीक, आणि प्रॅक्टिस एकही न चुकवणारी. पाऊस असो, ताप असो, पोरगी जिममध्ये हजर. मॅचला मात्र ती बाकावर. मराठी ती धडाडीनं बोलते, लिंगवचनाची पर्वा न करता, पण देवनागरी तिला वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक मॅचआधी तिचे वडील, म्हणजे कमलाकररावांचा मुलगा संजय, गाडी पार्क करून तिला आजोबांचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा.

संजय हा एक मऊ माणूस आहे. मंडळाच्या डिसेंबरच्या मीटिंगनंतर आम्ही दोघं खुर्च्या एकात एक घालत होतो तेव्हा तो हळूच म्हणाला, "काकू, मी वाचताना एक पॅराग्राफ बदलतो."

"कुठला?"

"तिचा."

अप्पा, म्हणजे कमलाकरराव, लिहायचे 'बाकावर', आणि हा वाचायचा, 'ईरा कोर्टवर आली की मॅचचा रंग बदलतो.' सप्टेंबरपासून हेच चाललं होतं. मी म्हटलं, अरे, चांगलं आहे की, बाप आहेस तू. तर त्याचे डोळे भरले. ख्रिसमसच्या सुट्टीत स्लाऊला कॉलेजांची स्पर्धा होती. पहिलीच मॅच यजमान कॉलेजशी, आणि ते तगडं. ईरानं घरी सांगून टाकलं होतं की जानेवारीत टीममध्ये राहायचं की सोडायचं हे ती या स्पर्धेनंतर ठरवणार. तिची आई इरावती म्हणत होती, सोड, मेडिसिनचे इंटरव्ह्यू तोंडावर आलेत. "सोडलं तर ती डॉक्टर होईल काकू, चांगलीच होईल," संजय म्हणाला, "पण त्या खेळावर जीव आहे तिचा. आपण त्यात काहीच नव्हतो असं वाटून तिनं सोडू नये, एवढंच." मला ते पटलं. त्या पोरीनं सोडू नये असं मलाही मनापासून वाटत होतं.

माझी बहीण स्लाऊला राहते, त्यामुळे मी त्यांच्याच गाडीतून निघाले. कॉलेजची मिनीबस फुटबॉलवाले घेऊन गेले होते, म्हणून आईबापच पोरी पोचवत होते. कमलाकरराव एरवी घरी बसून मॅच बघतात, पण या स्पर्धेचं प्रक्षेपण नव्हतं, तेव्हा तेही निघाले. सकाळचा मजकूर ग्रुपवर आला होता. ईराच्या नावापुढचा पहिला शब्द 'बाकावर' एवढं मी बघितलं आणि बॅग भरायला लागले.

मोटरवेवर लागल्यावर ईरा माझ्या शेजारून पुढे वाकली. "आजोबा, आज तुम्ही वाचा ना. आज तुमची आवाज पाहिजे मला."

गाडी किंचित डावीकडे गेली आणि परत सरळ झाली.

"अप्पांना गाडीत वाचलं की मळमळतं," संजय म्हणाला.

"मला कधीही मळमळलेलं नाही," कमलाकरराव म्हणाले.

"मग सगळं नका वाचू, अप्पा. ते तुम्ही नेहमी लिहिता ना, की ईरा कोर्टवर आली की मॅचचा रंग बदलतो, तेवढंच वाचा. तिला ते आवडतं."

कमलाकररावांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. पोटात काही नाही असं सांगणारा, पण सकाळी चोरून सँडविच खाल्लेला पेशंट ते चेहऱ्यावरून ओळखत असत. त्यांना सगळं कळलं. मी चिवड्याचा डबा उघडला. कुणीच घेतला नाही, म्हणून मीच खाल्ला.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. स्लाऊच्या टीमचं त्यांनी शब्द न् शब्द वाचलं. त्यांची सहा फुटी सेंटर, तिच्या उड्या, तिचा तापट स्वभाव, आपल्या गार्डची घाई. मग ईराचा परिच्छेद आला आणि ते थांबले. आमच्या बाजूनं एक लांबलचक लॉरी गेली. ती जाईपर्यंत ते थांबले, गेल्यावरही थांबले.

"ईरा खांबेटे," ते म्हणाले. "हिला बसवून ठेवणं ही कोचची चूक आहे. ही कोर्टवर आली की मॅचचा... रंग बदलतो. धोका: प्रतिपक्षाला."

दुसऱ्याचा पासपोर्ट वाचावा तसं त्यांनी ते वाचलं. त्यांचे कान लाल झाले होते. संजयनं मोठा श्वास सोडला आणि उगाचच दोन गाड्या ओव्हरटेक केल्या. मी डोळे पुसले. मरणाच्या दारातल्या माणसाशीसुद्धा खोटं न बोललेला हा माणूस नातीसाठी एम फॉर्टी मोटरवेवर खोटं बोलला होता.

"थँक यू, आजोबा," ईरा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ती स्लाऊपर्यंत खिडकीबाहेरच बघत होती.

लेजर सेंटरला, म्हणजे मॅच होती त्या क्रीडासंकुलात, पोचल्यावर संजय पार्किंगचं मशीन शोधायला गेला आणि कमलाकरराव चहाचं. ईरा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. बांधून झालेली नाडी तिनं सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"सुप्रभाआजी, आजोबा खोटं वाचले."

"तुला गं काय माहीत?"

"मी पण ग्रुपवर आहे ना. फोन ट्रान्सलेट करतो. सकाळीच वाचलं. I've read all of them, सप्टेंबरपासून."

मी खाली बसले. "अगं, मग डॅड वाचतो तेव्हा?"

"डॅडला इतका आवडतो वाचायला. He does a voice and everything. कसं सांगणार त्याला?" मग तिचा आवाज बारीक झाला. "डॅड म्हणतो amazing. कोच पण म्हणते amazing. बेंचवर आम्ही सगळ्या amazing आहोत. फक्त आजोबा खरं सांगायचे. आता ते पण नाही. म्हणजे मी इतकी वाईट आहे, की आजोबांना पण खोटं बोलावं लागतं?"

आणि ती रडायला लागली. तोंड वासून नाही, बुटाकडे बघत. मी उठले आणि कमलाकररावांना गाठलं. ते मशीनसमोर उभे होते. मशीननं चहा दिला होता, कप द्यायचा राहिला होता.

मी सांगितलं तसं त्यांनी मशीनवरून नजर काढली. "सगळे वाचले तिनं?"

"सगळे."

"नीट बसते, तेही?"

"तेही."

"ते मी ग्रुप हसावा म्हणून लिहिलं होतं, सुप्रभाताई. पेशंटच्या शेजारी बसून मी तसं कधीही बोललो नसतो."

"मग जा आणि शेजारी बसा," मी म्हटलं. मला त्यांचा राग आला होता, संजयचा आला होता, आणि गाडीत डोळे पुसणाऱ्या माझाही आला होता.

ते गेले. बाक बुटका होता, त्यांचे गुडघे कुरकुरले, पण ते बसले. फोन काढला, चष्मा लावला.

"ईरा, मघाशी मी खोटं वाचलं. आता खरं वाचतो."

तिनं नाक पुसलं आणि मान हलवली.

"'ईरा खांबेटे: बाकावर. सामना हातातून गेल्यावर शेवटची काही मिनिटं मिळण्याची शक्यता आहे. पाय चपळ, नजर चांगली. डावा हात अजिबात वापरत नाही. नेहमी उजव्यानंच जाते, त्यामुळे समोरचीला अर्धंच काम उरतं. हे जोवर आहे तोवर कोच तिला आधी आणणार नाही आणि त्यात कोचची चूक नाही. धोका: मध्यम.'" त्यांनी फोन खिशात ठेवला. "काही विचारायचंय?"

हे ते प्रत्येक पेशंटला विचारत. मलाही विचारलं होतं. त्या वेळी मी नाही म्हटलं होतं आणि रात्रभर जागी राहिले होते.

"मला येईल का?" ईरानं विचारलं. "डाव्या हातानी?"

"सांगता येत नाही. तू डाव्या हातानं एकदाही मारलेला मी बघितलेला नाही. आकडा काढायचा तर निदान एक तरी लागतो."

संजय पार्किंगची पावती हातात धरून आमच्या मागे केव्हाचा उभा होता. तो काही म्हणणार होता, मी त्याच्या पायावर पाय ठेवला. ऑपरेशन झालेला गुडघा आहे, वजन नीट पडतं.

"ओके," ईरा म्हणाली. मग तिनं आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लगेच उचललं, कारण टीममधल्या पोरी येत होत्या.

मॅच कमलाकररावांनी लिहिल्याप्रमाणे झाली. सहा फुटी सेंटर उड्या मारत राहिली, आपली गार्ड घाई करत राहिली, आणि शेवटच्या क्वार्टरला स्लाऊवाले इतके पुढे होते की त्यांचे आईबाप कोट चढवायला लागले. तेव्हा कोचनं ईराला उठवलं. संजय उभा राहिला. कमलाकरराव बसूनच होते, पण त्यांनी माझी पर्स धरली होती आणि ती माझी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

बराच वेळ बॉल तिच्याकडे आलाच नाही. मग आला. समोरची मुलगी ईराच्या उजव्या हाताकडे सरकली, सगळ्यांना माहीत असल्यासारखी. ईरा डावीकडे वळली. ती वळली ते मला कळलं नाही, शेजारच्या माणसाचा श्वास अडकला त्यावरून कळलं. तिनं डाव्या हातानं बॉल वर टाकला. तो फळीवर आपटला, रिंगवर टेकला, क्षणभर तिथे राहिला आणि बाहेर पडला. सहा फुटीनं तो उचलून नेला. थोड्या वेळानं शिट्टी झाली.

"अमेझिंग!" संजय ओरडला. आवाज फाटला होता त्याचा. "ईरा, अमेझिंग!"

ईरा घामानं भिजून आमच्याकडे आली. तिनं बापाला एक घट्ट मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरून आजोबांकडे बघितलं.

"आजोबा?"

कमलाकरराव उठून उभे राहिले. माझी पर्स त्यांनी अजून सोडली नव्हती.

"चुकला," ते म्हणाले. "पण डाव्या हातानं चुकला."

ईरा हसली. "जानेवारीत आत जाईल."

"जाईलच असं नाही," कमलाकरराव म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. "शक्यता आहे."