न लढलेलं विमान

"सही माझी, जीव त्यांचा," असं म्हणत तात्या विमानाच्या पोटावरच्या रिव्हेटांवरून अंगठा फिरवायचे.

इंदापुरात आमच्या कॉलेजच्या आवारात एक जुनं नॅट लढाऊ विमान चौथऱ्यावर बसवलेलं आहे. तात्या जवळच्या वरकुटे गावचे, हवाई दलातून निवृत्त झालेले इंजिन मेकॅनिक. पहिल्यांदा आले तेव्हा शेपटीवरचा नंबर वाचून मटकन खालीच बसले. पाच वर्षं त्यांनी हेच विमान सांभाळलं होतं. त्यांनी तपासून वहीत सही केली, की मगच वैमानिक चढायचा.

तुम्ही ते विमान पाहिलं असेल, तर खालचा जुना फलक आठवत असेल : 'एकाहत्तरच्या युद्धात शत्रूला धूळ चारणारे विमान.' तो वाचून तात्यांनी मला ग्रंथालयात गाठलं.

"मास्तर, हे खोटं हाय. लढाईच्या टायमाला हे बनलं बी न्हवतं."

"जाऊ द्या तात्या, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

तात्या प्राचार्यांकडेही गेले, पण ते ऐकेनात. उलट प्रजासत्ताक दिनी त्यांनी तात्यांचाच सत्कार ठेवला, युद्धवीर म्हणून. शाल खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या. तात्यांनी माइक मागून घेतला.

"पोरांनो, ह्या विमानानं शत्रूवर एक बी गोळी झाडली न्हाय. मी बी लढलो न्हाय. नवी पोरं ह्याच्यावर शिकायची. एकदा वर असताना घार धडकली, पुढची काच फुटली, पोराचं तोंड रगतानं भरलं. तरी ह्यानं त्याला घरी आणलं. उतरल्यावर ते पोरगं ह्याच्या चाकाला मिठी मारून रडलं. माझ्या पाच वर्सांत ह्याच्यातनं जेवढी वर गेली, तेवढी समदी जित्ती खाली आली. हे लिवा."

प्राचार्यांनी मान खाली घातली. पंधरा दिवसांत फलक बदलला. मजकूर तात्यांचाच, फक्त भाषा आमची. तात्या तो वाचायला मुद्दाम आले. "अक्षर बरं हाय," एवढंच म्हणाले. पण वाचला दोनदा.

गेल्या वर्षी तात्या गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या पत्नी एसटीनं कॉलेजात आल्या. संसारभर त्यांनी या विमानाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. पाहिलं मात्र कधीच नव्हतं. मी त्यांना चौथऱ्यापाशी नेलं. त्या एक फेरा मारून आल्या, पदर सावरून बराच वेळ वर पाहत राहिल्या.

"एवढंसंच हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, लई मोठं असंल."